निम्मे डाव हरायचेच असतात

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. दहा-दहा मिनिटांचा ऑनलाइन डाव संपत आला आहे. पांढऱ्याने वजीर मारला आहे आणि दोन चालींत मात होणार, हे दोघांनाही दिसते आहे. खेळी काळ्याची आहे. त्याच्या घड्याळात सहा मिनिटे शिल्लक आहेत. पण काळा चालही करत नाही आणि डावही सोडत नाही. घड्याळ उतरत राहते. पाच मिनिटे, चार, तीन. पांढरा मोबाइलकडे बघत बसून राहतो. उठून पाणी प्यायला जावे, तर नेमकी तेवढ्यात चाल होईल, ही धास्ती. शेवटची दहा सेकंदे उरल्यावर काळा एकदाचे प्यादे पुढे सरकवतो. समोरचा कंटाळून निघून गेला असेल, ही त्याची आशा असते.

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो. प्रामाणिकपणे आठवून पाहिले, तर कधी ना कधी आपण काळ्याच्या जागीही होतो, हे अनेकांना कबूल करावे लागेल. एरवी रांगेत शांतपणे उभी राहणारी, शेजाऱ्याला नमस्कार करणारी, कार्यालयात कुणाला उलट न बोलणारी माणसे हरलेल्या डावात अनोळखी माणसाची पाच मिनिटे मुद्दाम वाया घालवतात. असे का होते? याचे उत्तर थोडे गणितात आहे, थोडे शरीरात आणि बरेचसे त्या पडद्यात आहे.

गणित काय सांगते?

कोविडच्या टाळेबंदीत घराघरांत ऑनलाइन बुद्धिबळ शिरले आणि मग ते गेलेच नाही. ‘चेस डॉट कॉम’ या संकेतस्थळाच्या सदस्यांची संख्या डिसेंबर २०२२ मध्ये दहा कोटींवर गेली. ‘लीचेस’ हे दुसरे मोठे संकेतस्थळ तर पूर्णपणे मोफत आहे. दोन्हीकडे खेळाडू बटण दाबतो आणि काही सेकंदांत जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला प्रतिस्पर्धी समोर येतो. तो कोण असावा, हे रेटिंगवरून ठरते.

रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने विकसित केली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे ‘फिडे’ने, ती १९७० मध्ये स्वीकारली. आजची संकेतस्थळे तिचीच सुधारित रूपे वापरतात. मूळ कल्पना सोपी आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून निकालाचा अंदाज बांधता येतो. फरक २०० गुणांचा असेल, तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवणे अपेक्षित असते. फरक ४०० गुणांचा असेल, तर सुमारे ९१. आणि फरक शून्य असेल, तर बरोबर निम्मे.

संकेतस्थळ आपल्याला मुद्दाम आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी देते. म्हणजे ही यंत्रणा जितकी चोख काम करेल, तितके आपण जास्तीत जास्त निम्मे जिंकू आणि निम्मे हरू. आपण सुधारलो, तर रेटिंग वाढते आणि समोर अधिक तगडा खेळाडू येतो. पुन्हा तेच निम्मे. नवशिक्याला हे लागू आहे आणि मुरलेल्या खेळाडूलाही. शंभर डाव खेळणाऱ्याने पन्नासच्या आसपास पराभव गृहीत धरायलाच हवेत. हरणे म्हणजे काही तरी बिघडले, असे नव्हे. यंत्रणा नीट चालू असल्याची ती खूण आहे.

पूर्वी क्लबात संध्याकाळी दोन-तीन डाव होत. आता तीन-तीन मिनिटांचे ‘ब्लिट्झ’ डाव खेळणारा माणूस तासाभरात दहा डाव सहज संपवतो. एका तासात चार-पाच पराभव पचवण्याची सवय माणसाच्या मनाला नाही. ऑनलाइन शिष्टाचाराचा प्रश्न सुरू होतो तो इथे.

हरल्यावर शरीरात काय होते?

बुद्धिबळ बसून खेळतात, म्हणून शरीर त्यात नसते असे नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ ॲलन मझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्पर्धेत खेळणाऱ्या पुरुष बुद्धिबळपटूंच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण त्यांनी मोजले. जिंकणाऱ्यांमध्ये ते हरणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. कुस्ती किंवा टेनिससारख्या अंगमेहनतीच्या खेळांत दिसणारा फरक पटावरच्या लढतीतही दिसला. जय-पराजय शरीर गंभीरपणे घेते, मग लढाई लाकडी मोहऱ्यांची का असेना.

दुसरी गोष्ट डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडली. मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावल्याचे दुःख माणसाला जास्त टोचते. शंभर रुपये सापडल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत विरतो. शंभर रुपये हरवल्याची रुखरुख मात्र रात्री अंथरुणातही आठवते. रेटिंगचेही तसेच आहे. आठ गुण वाढले, तर बरे वाटते. आठ गुण गेले, तर ते परत मिळवेपर्यंत चैन पडत नाही.

या दोन्हींतून जी अवस्था तयार होते, तिला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द पत्त्यांच्या पोकर या खेळातून आला. हरल्याच्या रागात माणूस लगेच पुढचा डाव सुरू करतो, घाईत खेळतो, पुन्हा हरतो आणि अधिक चिडतो. ‘गेलेले गुण परत मिळवून झोपतो’ म्हणता म्हणता दीड वाजतो. त्यात झोप उडाली, की गाडी आणखी घसरते. अमेरिकेत २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवून मग त्रासदायक चित्रे दाखवण्यात आली. मेंदूतील ‘अमिग्डाला’ हा भाग भीती आणि रागाशी संबंधित असतो. पुरेशी झोप झालेल्यांच्या तुलनेत त्याची प्रतिक्रिया या तरुणांमध्ये सुमारे ६० टक्क्यांनी अधिक दिसली. एक रात्र जागणे आणि एक तास उशिरा झोपणे यांत फरक आहे, हे खरे. पण दिशा तीच आहे. थकलेल्या मेंदूचा रागावरचा लगाम सैल होतो.

सुरुवातीच्या प्रसंगातला काळा हा बहुधा वाईट माणूस नसतो. हा त्याचा पाचवा पराभव असतो आणि त्याला झोपेची गरज असते.

समोर माणूस दिसत नाही

राग पटावरही येतो. १ जून २०२५ रोजी नॉर्वेमधील स्टाव्हँगर येथे मॅग्नस कार्लसन विश्वविजेत्या डी. गुकेशविरुद्ध जिंकत आलेला डाव हरला. त्याने टेबलावर अशी मूठ आपटली, की मोहरी हलली. ते दृश्य जगभर पाहिले गेले. पण त्यानंतरच्या काही क्षणांत जे घडले, तेही बघण्यासारखे आहे. कार्लसन ‘सॉरी’ म्हणाला, त्याने हस्तांदोलन केले आणि जाताना गुकेशच्या पाठीवर थाप दिली. राग आवरायला त्याला काही सेकंदे लागली, पण तो आवरला. कारण समोर गुकेश उभा होता.

गुकेशची स्वतःची एक सवयही अनेकांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला विश्वविजेतेपद जिंकल्यावर डोळ्यांत पाणी असतानाही त्याने आधी पटावरची सगळी मोहरी जागेवर लावून ठेवली.

पटावरच्या खेळात असे लहान लहान विधी खूप आहेत. डावाआधी हात मिळवायचा, हरल्यावर पुन्हा हात मिळवायचा, हात लावलेले मोहरे चालवायचे, विचार करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्रास द्यायचा नाही. २००८ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे बल्गेरियाच्या इव्हान चेपारिनोव्हने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टशी हस्तांदोलन नाकारले. त्याला तो डाव गमावल्याचे घोषित करण्यात आले. पुढे त्याने माफी मागितली, डाव पुन्हा खेळवला गेला आणि शॉर्ट जिंकला. घरातही हेच असते. आजोबा आणि नातू पट मांडून बसतात. नातू हरला, की मोहरी उधळतो आणि आजोबांनी नुसते बघितले, तरी ती गोळा करायला खाली वाकतो. शिस्त लावायला तेवढी नजर पुरते.

पडद्यावर ही नजरच नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये एका लेखात याची कारणे उलगडली. इंटरनेटवर आपले नाव कुणाला माहीत नसते. आपला चेहरा दिसत नाही आणि समोरच्याचाही नाही. आपल्या कृतीचा त्याच्यावर झालेला परिणाम लगेच कळत नाही. समोरचा माणूस आपल्याच डोक्यातले एक पात्र होऊन बसतो. हे सगळे घडत असते खेळात, त्यामुळे ‘हे काही खरे नव्हे’ असेही वाटत राहते. या सगळ्यामुळे संकोच गळून पडतो. कधी त्यातून माणूस अनोळखी व्यक्तीशी मोकळेपणाने, आपुलकीने बोलतो. कधी तोच माणूस शिवी देतो.

ऑनलाइन बुद्धिबळात तर प्रतिस्पर्धी म्हणजे एक टोपणनाव, एक आकडा आणि एक झेंडा. त्या आकड्यामागे रात्रपाळीनंतर विरंगुळा शोधणारी परिचारिका असेल, दहा वर्षांचा मुलगा असेल किंवा सत्तरीतले निवृत्त शिक्षक असतील. मुद्दाम चालू ठेवलेले घड्याळ त्यांचाच वेळ खात असते.

काय गैर आणि काय नाही

अनेक वाद होतात ते गैरसमजातून. ऑनलाइन खेळात काही गोष्टी चिडवणाऱ्या असतात, पण त्यांत गैर काही नसते. वेळेवर जिंकणे ही त्यातली पहिली. घड्याळ हाही डावाचा भाग आहे. हरत आलेल्या खेळाडूने चाली पटापट करून समोरच्याची वेळ संपवली, तर तो नियमानेच जिंकला. दुसरी गोष्ट म्हणजे डाव न सोडणे. नवशिक्यांच्या डावात एक वजीर कमी असूनही बाजी उलटते. शेवटपर्यंत लढत चाली करत राहणे हा खेळच आहे. चॅटमध्ये उत्तर न देणे किंवा पुन्हा खेळायचे आमंत्रण नाकारणे यातही उद्धटपणा नाही. समोरच्याला कदाचित जेवायला बोलावले असेल.

हरलेल्या डावात चाल न करता घड्याळ चालू ठेवणे मात्र गैर आहे. सांगितल्याशिवाय खिडकी बंद करून निघून जाणे, काळी मोहरी आली म्हणून सुरुवातीलाच डाव रद्द करणे, बरोबरीचा प्रस्ताव दर दोन चालींनी पाठवत राहणे, रेटेड डावात चूक झाली की चाल परत घेण्यासाठी मागे लागणे, हेही त्यातच येते. सोप्या प्रतिस्पर्ध्यांना हरवता यावे, म्हणून मुद्दाम हरून रेटिंग खाली आणणे ही तर फसवणूकच. जिंकणाऱ्यालाही मर्यादा आहे. मात समोर असताना ती न देता प्याद्यांचे चार-चार वजीर करत राहणे म्हणजे हरलेल्याला वेडावून दाखवणे.

या दोन्हींमधला फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो. आपली कृती डाव जिंकण्यासाठी आहे, की समोरच्याला त्रास देण्यासाठी? घड्याळात दहा सेकंदे असताना वेगाने चाली करणे पहिल्या प्रकारात बसते. सहा मिनिटे हातात असताना गप्प बसणे दुसऱ्या प्रकारात.

संकेतस्थळांनीही काही उपाय केले आहेत. प्रतिस्पर्धी डाव सोडून निघून गेला, तर ठरावीक वेळेनंतर विजयाचा दावा करता येतो. वारंवार डाव अर्धवट टाकणाऱ्यांना काही काळ खेळण्यापासून रोखले जाते. चॅट बंद ठेवण्याची सोय तर जवळपास सगळीकडे आहे.

संपर्क तुटला तर?

निघून गेलेला प्रत्येक जण पळपुटा नसतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. याचे सर्वांत मोठे उदाहरण भारताच्याच वाट्याला आले. कोविडमुळे २०२० मध्ये फिडेने पहिले ऑनलाइन ऑलिम्पियाड भरवले. भारतीय संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचा संपर्क तुटला आणि त्याचा डाव गेला. आर्मेनियाने दाद मागितली. ती फेटाळली गेली. निषेध म्हणून संघाने पुढची लढत खेळलीच नाही आणि भारत उपांत्य फेरीत गेला.

दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख या दोघांचा संपर्क ऐन डावात तुटला. त्या दिवशी जगाच्या अनेक भागांत इंटरनेट सेवा विस्कळीत झाली होती. निहाल तेव्हा १६ वर्षांचा होता आणि दिव्या १४ वर्षांची. दोघांचेही डाव वेळेवर गेले आणि रशिया विजेता ठरला. भारताने दाद मागितली. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त सुवर्णपदक जाहीर केले.

एकाच स्पर्धेत भारत संपर्क तुटण्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला. एकदा त्याचा फायदा झाला आणि एकदा तोटा. ‘समोरच्याने मुद्दाम केले’ हा निष्कर्ष किती घाईचा असू शकतो, हे समजण्यासाठी याहून चांगला धडा नसेल. गल्लीतली वीज गेलेली असते, लोकलमधला मोबाइल बोगद्यात शिरलेला असतो, कुणाचे तरी मूल रडत उठलेले असते.

खिशातला विश्वविजेता

संशयाचे आणखी मोठे कारण म्हणजे संगणक. कार्लसनचे आजवरचे सर्वोच्च रेटिंग २८८२ आहे. ‘स्टॉकफिश’ हे मोफत मिळणारे बुद्धिबळ इंजिन त्याच्या कितीतरी पुढे आहे आणि ते साध्या मोबाइलवर चालते. म्हणजे जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगला खेळणारा सल्लागार प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याला विचारताना कुणी बघत नाही.

हा मोह फक्त हरणाऱ्या नवशिक्यांनाच होतो, असे नाही. जून २०२१ मध्ये कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंदने अनेक नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन डाव खेळले. उद्योजक निखिल कामत यांनी आनंदला हरवले. दुसऱ्याच दिवशी, आपण जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती, असे त्यांनी जाहीरपणे मान्य करून माफी मागितली. आनंदनेही तो विषय ताणला नाही. डाव गमतीचा, हेतू चांगला, तरीही लोकांना राग आला. लोकांना बघायचा होता आनंदपुढे बसलेला माणूस. आनंदपुढे बसलेले यंत्र बघण्यात त्यांना रस नव्हता.

अमेरिकेच्या हान्स नीमनचे प्रकरण याहून गाजले. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईस येथे त्याच्याकडून हरल्यावर कार्लसनने स्पर्धाच सोडली. पुढे एका ऑनलाइन स्पर्धेत त्याच्याविरुद्ध एक चाल खेळून डाव सोडून दिला. आपण १२ आणि १६ वर्षांचे असताना ऑनलाइन डावांत फसवणूक केल्याचे नीमनने मान्य केले. प्रत्यक्ष पटावर फसवणूक केल्याचा आरोप मात्र त्याने फेटाळला आणि तसा पुरावाही पुढे आला नाही. स्पर्धा सबळ कारणाविना सोडल्याबद्दल फिडेच्या आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये कार्लसनला दहा हजार युरोंचा दंड केला. फसवणुकीची कबुली आपल्या जागी आणि खेळ अर्धवट टाकण्याची जबाबदारी आपल्या जागी, असा हा निवाडा होता.

संशयाचे गणित

आता एक हिशेब करून पाहू. समजा, १० हजार खेळाडूंपैकी १०० जण इंजिनची मदत घेतात. आणि समजा, त्यांना पकडणारी चाचणी ९९ टक्के अचूक आहे. ही चाचणी शंभरपैकी ९९ लबाडांना पकडेल. उरलेल्या ९,९०० प्रामाणिक खेळाडूंपैकी एक टक्का, म्हणजे ९९ जणही तिच्या जाळ्यात सापडतील. म्हणजे ‘दोषी’ ठरलेल्यांपैकी निम्मे निर्दोष असतील! इतकी अचूक चाचणी असूनही ही स्थिती. मग ‘तो फारच चांगला खेळला’ एवढ्याच पुराव्यावर केलेला आरोप कितपत खरा असेल?

डॉक्टर एका चाचणीवरून निदान पक्के करत नाहीत, ते याच कारणाने. संकेतस्थळांचे जाणकारही एका डावावरून निर्णय घेत नाहीत. अनेक डावांतल्या चाली इंजिनशी किती जुळतात, सोप्या आणि अवघड चालींना लागणाऱ्या वेळेत माणसासारखा फरक दिसतो का, खेळ रेटिंगच्या मानाने कितपत अपेक्षित आहे, अशा अनेक गोष्टी ते एकत्र तपासतात.

माजी विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिक याने मात्र गेली काही वर्षे अनेक खेळाडूंबद्दल जाहीर संशय व्यक्त केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिकारू नाकामुराने ऑनलाइन ४६ डावांत साडेपंचेचाळीस गुण मिळवले, तेव्हा त्यावरही प्रश्न उभा केला गेला. चेस डॉट कॉमने तपासून त्यात गैर काही नसल्याचे सांगितले. आपल्यापेक्षा बऱ्याच कमकुवत खेळाडूंशी हजारो डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी लांब मालिका कधी तरी येणारच.

क्रामनिकने संशय घेतलेल्यांत अमेरिकेचा ग्रँडमास्टर डॅनियल नारोदित्स्कीही होता. हसत-खेळत शिकवणारा शिक्षक म्हणून तो जगभर लोकप्रिय होता. त्याने आरोप फेटाळले. या आरोपांपासून आपण चांगले खेळलो, तरी लोक वाईटच अर्थ काढतात, अशी खंत त्याने आपल्या शेवटच्या थेट प्रक्षेपणात बोलून दाखवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. मृत्यूचा आणि आरोपांचा संबंध बाहेरच्यांनी जोडणे योग्य नाही. पण पुराव्याशिवाय केलेला संशय माणसाचा आनंद कसा हिरावून घेतो, हे त्याच्या त्या शब्दांतून कळते. फिडेने क्रामनिकची जाहीर विधाने आपल्या नीतिविषयक आयोगाकडे सोपवली.

सामान्य खेळाडूसाठी यातला धडा सोपा आहे. शंका आली, तर संकेतस्थळावरचे तक्रारीचे बटण दाबावे आणि विसरून जावे. चॅटमध्ये ‘चोर’ म्हणू नये. तो निर्दोष असेल, तर आपण त्याची संध्याकाळ नासवली. दोषी असेल, तर आपल्या शब्दाने तो सुधारणार नाही.

राग काढल्याने निवळतो का?

‘मनातले बोलून टाकले, की मोकळे वाटते’ असे आपण मानतो. रागाच्या बाबतीत हे खरे ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, चिडवणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या सरावपिशवीवर ठोसे मारायला सांगितले. काहींना नुसते शांत बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, उलट तेच जास्त चिडलेले होते. काहीही न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत राहिले. हरल्यावर चॅटमध्ये लिहिलेला कडवट शब्द हाही असाच एक ठोसा असतो.

या शब्दांचा मार मुली आणि महिला खेळाडूंना अधिक सोसावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर दिव्या देशमुखने हे उघडपणे मांडले. प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच शेरे मारत होते. ती तेव्हा १८ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. शेरे मारणारे कोण होते, हे आज कुणाच्या लक्षातही नाही. पण प्रत्येक मुलगी दिव्याइतकी खंबीर असेलच असे नाही. घाणेरडे शब्द वाचून किती मुली मुकाट्याने खेळ सोडत असतील, हे कोणत्याच रेटिंगमध्ये दिसत नाही.

थोडी पथ्ये

खिलाडूवृत्ती हा स्वभाव आहे, तशीच ती सवयही आहे आणि सवय लावून घेता येते. खेळायला बसण्यापूर्वीच डावांची संख्या ठरवावी. सलग तीन डाव हरले, की त्या दिवसाचा खेळ संपला, असा नियम अनेक खेळाडू पाळतात. तो राग चढण्याआधी ठरवलेला असतो, म्हणूनच उपयोगी पडतो. झोपण्यापूर्वीचा तास खेळापासून मोकळा ठेवावा. हरलेला डाव लगेच बदला घेण्यासाठी वापरण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पुन्हा पाहावा. चूक कुठे झाली, हे सापडले, की पराभवाची बोच कमी होते आणि खेळही सुधारतो. चॅटचा त्रास होत असेल, तर ते बंद करावे. त्यात काही कमीपणा नाही.

मुले खेळत असतील, तर पालकांनी चॅट बंद आहे ना, हे आधी बघावे. ‘जिंकलास का?’ या प्रश्नाऐवजी ‘कुठली चाल आवडली?’ असे विचारावे. निम्मे डाव हरायचेच आहेत. मग घरातला आनंद फक्त जिंकण्यावर ठेवला, तर मूल निम्मा वेळ अपराधीच ठरेल.

खेळ आवाक्याबाहेर जातोय का, हे मात्र बघायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची नवी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सगळ्या कामांपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकून असावी लागतात आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा नोकरीवर गंभीर परिणाम होत असावा लागतो. रोज चार डाव खेळणारा आजारी नव्हे. पण परीक्षा, झोप आणि नाती बुडवून ‘फक्त गेलेले गुण परत मिळवायचे आहेत’ म्हणणाऱ्याला डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यायला लावावे.

पुन्हा त्या साडेअकराच्या डावाकडे येऊ. काळ्याला दोन चालींतली मात दिसते आहे. त्याच्या बोटाखाली डाव सोडण्याचे बटण आहे. ते दाबायला एक सेकंद लागतो. दाबले, तर त्याचे आठ गुण जातील, ते तसेही जाणारच आहेत. पांढऱ्याची सहा मिनिटे वाचतील आणि काळ्याचीही. ‘चांगला खेळलात’ एवढे दोन शब्द त्याने लिहिले, तर कुठल्या तरी दूरच्या गावातला एक अनोळखी माणूस क्षणभर हसेल आणि दिवा मालवून झोपेल. मग काळ्यालाही झोपता येईल. उद्याच्या डावांपैकी निम्मे तो जिंकणारच आहे.